सूर नावाचं गाव

मस्कतपासून बसनं अडीच तास.
पाटीवर वर अरबीत, खाली इंग्रजीत: सूर.
शिगवण सर ड्रायव्हरच्या शेजारून ओरडले,
"पोरांनो, जन्मभर शोधतोय, तो इथं होता होय!"
हसले फक्त बिगुलवाले.
आम्ही बाकीचे अजून कस्टम्सच्या धक्क्यात.

तिथं मोठ्या ड्रमचं एक तोंड सोडवलं त्यांनी.
आत सात पुड्या. कुळथाचं पीठ.
कुणाकुणाच्या आयांनी कधी भरलं, कुणालाच पत्ता नाही,
एक बेनझीर परकार सोडून. ड्रम तिचा.
अधिकाऱ्यानं बोट बुडवलं, हुंगलं,
शिंकला.
मग सरांनी मोडक्या हिंदीत, हातवाऱ्यांत,
चूल, पिठी, भात, तापातून उठलेला माणूस
असं सगळं करून दाखवलं.
चार पुड्या परत मिळाल्या.
त्यांत आमची होती की नाही, कोण सांगणार.

दाभोळच्या शाळेच्या बँडात मी ट्रँगल वाजवते.
म्हणजे बहुतेक वेळ वाजवत नाही.
अठ्ठेचाळीस मात्रा मोजायच्या, एकदा टिंग.
पुन्हा बत्तीस. टिंग.
सगळे थांबले की शेवटचा एक, तो लांब सोडायचा.
आई म्हणाली, तीन टिंगांसाठी विमान?
पण मोजण्यात मी पक्की.
बाबा जाऊन किती झालं, ते घरात मलाच विचारतात.

तो इथल्या गॅसच्या कारखान्यात परांची बांधतो.
फोनवर म्हणाला, चारला सुटतो, साडेचारला पोचतो.

खाडीकाठी, गलबतं बांधतात त्या आवाराशेजारी मांडव.
सागाच्या भुशाचा वास थेट आमच्या बंदरासारखा,
फक्त मासळी वजा.
उन्हानं पितळ तापलं, सूर चढला,
सर दोन्ही तळवे खाली दाबत राहिले
जणू ऊनच जरा खाली बसेल.
पुढच्या रांगेत मंडळाच्या बायका,
मागे नक्षीच्या टोप्यांतली इथली पोरं,
त्यांतलं एक बेनझीरच्या टोल्यागणिक डोळे मिटायचं.
त्याच्याही मागे गेट.

अठ्ठेचाळीस. टिंग. गेटात एक पाणीवाला.
बत्तीस. टिंग. गेटात कुणी नाही.
मग सगळे थांबले.
सरांचा हात माझ्याकडे, हवेत.
मी थांबले.
पान नाही, मात्रा नाही, काहीच मोजत नव्हते.
सरांच्या कोपराला कंप सुटलेला दिसला.
बिगुलवाल्या ओंकारनं गाल फुगवलेले, तसेच.
खाडीत कुठंतरी इंजिन बंद पडलं.
मग मारला.

बाबा आला तेव्हा खुर्च्या रचत होते.
निळा डगला, काखेत हेल्मेट,
केस मी ठेवले होते त्यापेक्षा कमी.
म्हणाला, "ऐकलं मी. गेटातूनच.
केवढ्यानं वाजवलंस!"
ट्रँगल गेटापर्यंत ऐकू जात नाही.
सरांनाच जेमतेम जातो.
मी म्हटलं, हो.

पुडी दिली. कुणाची कोण जाणे.
त्यानं हुंगली. शिंकला नाही.
नाक तसंच बराच वेळ आत ठेवून म्हणाला,
"दाखव बघू तुझं ते वाद्य."
मुठीत गच्च धरलं, किल्लीनं मारलं:
खट्.

असं नाही, बाबा.
धरलं की वाजत नाही ते.
दोरीनं धरायचं, बोटावर, लोंबतं.
अंगाला कुठं लागता कामा नये.

तिन्ही बाजू न्याहाळल्या त्यानं, मग उघडं टोक.
"इथं जोडायचं राहिलंय," म्हणाला,
परांचीवाल्याच्या नजरेनं.
ते तसंच असतं, म्हटलं.

मग दोरी करंगळीला अडकवून
त्यानं हळूच मारला.
मी मोजायला लागले.
मला अकरापर्यंत ऐकू आला.
बसनं दोनदा हॉर्न दिला तरी
बाबा कान लावूनच होता.