नऊ पॉइंट आठ

लोलकासाठी दोरा मीच नेला होता घरून,
नायनांच्या लूमवरचं वीस काउंटचं सूत.
नायना म्हणजे वडील. साखर पेठेत आम्ही तसंच म्हणतो.
सुगंधा कलशेट्टी माझी पार्टनर.
मी झोके मोजायचो,
वीस झाले की ती स्टॉपवॉचवर अंगठा दाबायची
आणि ओठही, तेवढ्यापुरते.

उत्तर आलं नऊ पॉइंट तीन चार.
परत केलं. नऊ पॉइंट तीन दोन.
पंखा बंद करून केलं.
घाम वहीवर पडला, उत्तर हललं नाही.

सर वाईट नव्हते, हे आधी सांगतो.
खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
"पृथ्वी काय तुझ्यासाठी बदलणारे का?
नऊ पॉइंट आठ लिही. बाहेरचे परीक्षक येतात."
दरडावलं असतं तर मी कदाचित अडलो असतो.
खांद्यावरच्या हाताला नाही कसं म्हणायचं
ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

मी नऊ पॉइंट सात नऊ लिहिलं.
आठ नाही. सात नऊ.
खोट्यात थोडी खोट ठेवली की ते खरं दिसतं,
हे अकरावीत कुणी शिकवलं नाही, जमलं.
मग आलेख: आधी रेघ ओढली,
नंतर तिच्या अंगाअंगानं ठिपके ठेवले,
एक मुद्दाम बाहेर.

सुगंधानं तीन चारच लिहिलं. दहापैकी सहा.
मला नऊ.
"काय बे, एकदम परफेक्ट," नरहरी म्हणाला मागच्या बाकावरनं.
त्यानं माझंच उतरवलं होतं, बाहेरच्या ठिपक्यासकट.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर एक मोर होता,
चादरीचा, आलेखाचे चौकोन रंगवून केलेला.
त्याला मार्क नव्हते.

बारावीनंतर सात रस्त्याला कलचाचणी.
वर छापलेलं: इथं चूक-बरोबर काही नसतं, मनातलं लिहा.
माझी पेन्सिल तरी बरोबर उत्तर शोधत राहिली.
रंगसंगती जुळवायला आवडतं का?
काचेबाहेर नायना बसले होते,
पाळी सोडून आलेले, केसांत कापसाची तूस.
मी "क्वचित"ला गोल केला.
"कधीच नाही" लिहिलं असतं तर पकडलो गेलो असतो,
एवढी अक्कल आली होती.

निकाल: अभियांत्रिकीकडे प्रबळ कल.
बाई खूश. नायना खूश.
मीही झालो, खरंच झालो,
हेच सांगायला अवघड जातं.

आता अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात, टेस्टिंगला आहे.
परवा सुताला भार लावला, वीस काउंटच्याच,
तर ते हळूहळू लांबत गेलं,
मीटरला पाच सेंटीमीटर.
मी मशीन बंद केलं.
मोबाइलवर हिशोब केला, दोनदा.

म्हणजे नऊ पॉइंट तीन चार चुकलेलं नव्हतं.
ते पृथ्वीबद्दल नव्हतंच.
नायनांच्या सुताबद्दल होतं:
वजन लटकलं की ते लांबतं,
आणि आम्ही गोळी बांधायच्या आधीच लांबी मोजली होती.
एक वाक्य, बस, खाली लिहायचं होतं.
असं का आलं, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

सुगंधा पुढं मोठी कुणी झाली असं सांगता आलं असतं.
ती कुर्डूवाडीला पोस्टात आहे म्हणतात.
मी फोन केलेला नाही.

आज काट्यावर टॉवेल होता.
चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम हवे, चारशे अडतीस भरले.
कंटेनर संध्याकाळी निघणार,
आणि मॅनेजर, तेही वाईट नाहीत, मागं येऊन उभे राहिले.

रिपोर्टात मी काय लिहिलं ते इथं लिहीत नाही.
लिहिलं असतं, तर तेही नीटच लिहिलं असतं,
एखादा ठिपका मुद्दाम बाहेर ठेवून.