कारण : व्यक्तिगत

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा
मी त्यांना ऑडिटवाल्या समजलो
आणि चहा मागवला.
डॉक्टर शर्वाणी पुणतांबेकर. लष्करातल्याच, माधवगंजच्या,
मराठी आमच्या घरासारखीच,
मधे मधे हिंदीला टेकत चालणारी.
म्हणाल्या, ऑडिट नाही, अभ्यास.
शिष्यवृत्ती कोणाला मिळते, एवढंच बघायचंय.

मी म्हटलं, जो फॉर्म भरतो त्याला.

हजिऱ्याचं हे आमचं कॉलेज.
मिलची चिमणी खिडकीतून दिसते,
गेली तीस वर्षं तिच्यातून काही निघालेलं नाही.
सकाळच्या पाळीला मुली,
संध्याकाळच्या पाळीला टेम्पोवाले, फरशीच्या दुकानातले,
एक तर हवालदार होता, वर्दीतच पेपर द्यायचा.
मी खिडकी क्रमांक तीन.
एकवीस वर्षं पोरांनी माझं तोंड
जाळीतूनच पाहिलं आहे.

बाई महिनाभर रेकॉर्डच्या खोलीत बसल्या.
त्यांना हवे होते न मिळालेले.
मिळालेल्यांची यादी भोपाळला जाते.
न मिळालेल्यांची कुठेच जात नाही,
इथेच असते, सुतळीत.

एका दुपारी रजिस्टर माझ्यापुढे धरून विचारलं,
"बाबूजी, हे अक्षर तुमचं?"
माझंच.
कॉलेज सोडण्याचं कारण : व्यक्तिगत.
त्याखाली, व्यक्तिगत.
त्याखाली दोन टिंबं, वरच्याप्रमाणे.
पानभर टिंबं.
"व्यक्तिगत म्हणजे काय असतं?"

सर्वर बसल्यासारखा मी उभा.

मग जे लिहिलं नव्हतं ते आठवायला लागलं.
रामबेटी कुशवाह. आधारवर रामवेटी.
कुणा ऑपरेटरनं ब-च्या पोटातली रेघ खाल्ली
आणि तेवढ्या रेघेपायी वर्षाचे साडेसहा हजार अडकले.
बानमोरहून यायची, जाऊन-येऊन साठ रुपये.
तीनदा आली. चौथ्यांदा मी म्हटलं,
बेटा, सोमवारी ये.
तो सोमवार अजून यायचा आहे.

डबऱ्याचा इर्शाद.
बाप मेला, पण समग्रमधून त्याचं नाव उतरलं नाही,
म्हणून मेलेला माणूस महिना बारा हजार कमावत राहिला
आणि पोरगा अपात्र ठरला.

"सगळं नियमातच होतं, बाई," मी म्हटलं,
"नियमाबाहेर मी टाचणीसुद्धा ठेवली नाही."
त्या म्हणाल्या, "तेच लिहितेय."
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी अहवालाची प्रत पोस्टानं आली.
तक्ते, टक्के, मला फारसं कळलं नाही.
तक्ता सतराच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात टीप होती :
ही माहिती कार्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या स्मरणातून.
बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली,
दूध आणायचं तर तुमच्या स्मरणात राहत नाही.

मार्चमध्ये रामबेटीचे पैसे सुटले.
दोन वर्षांनी, कसे कोण जाणे.
अहवालामुळे असं मी म्हणणार नाही,
मार्चमध्ये सुटतात कधीकधी.
फोन लावला. कुणीतरी बाई बोलली,
"बे तो सूरत गईं, कारखाने में."
म्हटलं, सांगा, पैसे आलेत.
"कितने?"
सांगितले.
पलीकडे जरा वेळ काही नाही,
मग एक हसू आलं, लहान, कुणावरही न रोखलेलं.
ते तक्त्यात बसणार नाही, बाई,
म्हणून तुम्हाला कळवलं नाही.

कारणाचा रकाना दीड इंचाचा आहे.
प्राचार्य म्हणतात, मावेल तेवढंच लिहा.
मी बारीक अक्षर काढायला शिकतोय,
तरी मजकूर शेऱ्याच्या रकान्यात शिरतो.
आणि ब आला की
पोटातली रेघ दाबून ओढतो.
कागद कधीकधी फाटतो.