कलम सात

ग्रॅन्स्टॅड, नॉर्थ डकोटा. वस्ती नऊशे बारा.
हजर सभासद पाच, प्रेक्षक एक,
तोही हीटरपाशी ऊब घ्यायला आलेला.
मागचं इतिवृत्त कायम.
रस्त्यांवर टाकायचं मीठ, अठरा टन: बिल मंजूर.
बर्फाच्या नांगराचं पातं
आणखी एक हिवाळा काढेल असं ठरलं;
पात्याला कुणी विचारलं नाही.
वाचनालयाच्या छपरावर चाळीस मिनिटं,
कुत्र्यांच्या परवान्यावर त्याहून जास्त.

मग कलम सात: उत्तरेच्या रस्त्यावरचा शेवटचा दिवा.
तिथे आता कुणी राहत नाही.
महिना एकेचाळीस डॉलर वाचतील,
महापौर व्हर्ना टॉफ्ट म्हणाल्या, चष्मा पुसत.
चार हात वर निघालेच होते.

ऑर्व्हिल स्कारचा टेबलावरच.
तीस वर्षं तोच नांगर चालवतो. सभेत सहसा
कॉफीपुरतं तोंड उघडतो.
"पहाटे तीनला सगळं पांढऱ्यात पांढरं," तो म्हणाला.
"मी त्या दिव्यापाशी वळतो."

हात कुठे ठेवावेत कुणाला कळेना.
हीटर तेवढा खडखडला.
मी लिहिलं: विषय पुढच्या सभेवर.
त्याआधी सवयीनं लिहिलेलं
'सविस्तर चर्चा झाली'
खोडलं.