पावती

खसबच्या धक्क्यावर डिझेलचा हिशेब माझ्याकडे.
रविवारी पहाटे हुकूम आला:
बोटीला साठ लिटर द्या,
पलीकडच्या किनाऱ्यापुरतं. परतीचं नको.

कँटीनच्या टीव्हीवर दोन्हीकडचे साहेब भांडत होते,
बोट पहिल्यांदा कुणाच्या पाण्यात दिसली यावर.
परकार म्हणाला, आमच्या दाभोळातही बांधावरून अशीच भांडणं,
पण तिथे बांध तरी दिसतो.

नळी धरून मी वाकलो. आत एकोणीस माणसं,
एक शेळी,
कापलेल्या डब्याने पाणी उपसणारी बाई.
नियम असा की माल घेणाऱ्याची सही हवी.
तिने उपसणं थांबवलं, हात ओढणीला पुसला
आणि सावकाश, उजवीकडून डावीकडे, लिहिलं.
परकारने वाचून दाखवलं: गुलअंदाम.
तेवढ्यात बोटीत दोन बोटं पाणी चढलं.

बुधवारी तीच बोट. पलीकडच्यांनीही
मोजूनच दिलं होतं, इथवर पुरेल इतकं.
साठ लिटर. गुलअंदाम.
टीव्हीवर अजून पहिलाच मुद्दा.

आज शनिवार. वही उघडून बसलोय.
रकाना आखलाय, तारीख घातलीय.
साठच्या जागी काय लिहायचं
तेवढं ठरत नाहीये.