रिकाम्या गाडीचं वजन

मकरपुऱ्याच्या वजनकाट्यावर रात्री दीडला ट्रक नसतो.
केबिनमध्ये मी, माझा लॅपटॉप
आणि मोहितेकाका. घरी जा म्हटलं तर
"तू कर तुझं, मी नुसता बसतो" म्हणाले
आणि दर दोन मिनिटांनी बोलत राहिले.

टेबलावर तो. बदामी रंगाचा, चोवीस वर्षांचा,
काकूंनी परकराच्या कापडाचा शिवलेला झगा अंगावर.
सुरू होताना खोकतो.
आतला प्रोग्राम ज्यानं लिहिला
तो कॅनडात आहे, की वारला,
मी दोन्ही ऐकलंय.

गुरुवारी त्याची डिस्क काढून
बिटाबिटानं उतरवून घेतली,
पोथी नकलावी तशी, चुकांसकट.

आता काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी चौकट.
शेजारी टिफिनएवढा नवा डबा.
इथे माउसचं काही चालत नाही,
जे हवं ते नाव घेऊन मागायचं.
डॅश डॅश नेम: काटा-एक.
डॅश डॅश मेमरी: एकशे अठ्ठावीस.
"एवढीशीच? डब्यात तर सोळा जीबी म्हणालीस."
जास्त दिली तर गोंधळतो, काका.
"आमच्या धाकट्यासारखा."

एंटर.
एरर: नेटवर्क सुरू नाही.
बरोबरच आहे. नकोच त्याला नेटवर्क.
दोन हजार एकमधलं भोळं पोर,
बाहेर सोडलं तर दहा मिनिटांत कुणीतरी पळवेल.
डॅश डॅश नेटवर्क: नन.
एंटर. पुन्हा एरर.
(एक डॅश कमी. चष्मा पुसला.)

ह्यात नव्या डब्याला होस्ट म्हणतात, मी सांगितलं,
आणि आत जो राहणार तो गेस्ट.
"पाहुणा? किती दिवस?"
चालू आहे तोवर.
काका खिडकीबाहेर बघत म्हणाले,
"आमचे पणजोबा साताऱ्याहून इथे पागेत आले.
दांडिया बझारच्या खोलीचं भाडं
अजून भरतोय, बावीस रुपये."

तिसरं एंटर.
काही नाही.
मग पडद्यात पडदा उघडला
आणि तो मेमरी मोजायला लागला,
तसाच, एकेक पायरी चढत,
जणू चिप्स खरंच त्याच्या पोटात आहेत.
काकांनी कान डब्याला लावला.
"खोकला नाही ह्याला."

आता काट्याची वायर त्याच्या हाती द्यायची राहिली.
सिरियल पोर्ट, कॉम एक. तीही ओळ लिहिली.
पडद्यावर हिरवं शून्य आलं
आणि थरथरत थांबलं.

तोलायला काहीच नव्हतं.
काका बाहेर गेले, स्कूटर ढकलत प्लेटवर चढले,
मधोमध उभे राहिले, पासपोर्टच्या फोटोला राहावं तसे.
एकशे ऐंशी.
प्रिंटर करकरला. पावती त्यांनी दिव्याखाली धरली,
वजन पाहिलं नाही, थेट शेवटची ओळ वाचली:
'थँक यू'मधला के नव्हता.
चोवीस वर्षं नव्हता.
"हाच तो," म्हणाले.

मग झगा काढून जुना बदामी डबा उचलला,
तारा लोंबत होत्या,
आणि नेऊन प्लेटवर ठेवला.
दहा किलोखालचं काट्याला कळत नाही.
आत, डब्यातल्या त्या नव्या जुन्यानं
क्षणभर विचार केला आणि सांगितलं: दहा.
वाहन क्रमांक विचारतोय, काका, काय टाकू?
"रिकामी गाडी."
टाकलं.

झगा नव्या डब्याला घालून पाहिला.
फारच सैल.
घडी करून काकांनी पिशवीत ठेवला.
गेटवर पोरकडून आलेला ट्रक हॉर्न देत होता
आणि बदामी डबा अजून प्लेटवरच होता.