विरजण

टाकी आली सोमवारी, टेम्पोतून, जुन्या गादीत गुंडाळून.
मंगळवारी सातवी ब विचारू लागली: मासे कधी?
ढमढेरे मॅडम म्हणाल्या, सहा आठवड्यांनी.
तोवर नुसतं पाणी बघायचं.

उत्साहावर विरजण पडतं म्हणतात, ते मी
प्रयोगशाळेच्या दारात, चाव्यांचा जुडगा हातात घेऊन
प्रत्यक्ष पाहिलं.

मुख्याध्यापक येऊन गेले, काचेला नाक लावून.
"यात तर काहीच नाही."
"आहे सर," प्रणोती धिवार म्हणाली,
"अजून दिसण्याएवढं झालं नाही."

दत्तवाडीत आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद.
म्हणून बुधवारी शेवटच्या तासाला दोन बादल्या भरून
रात्रभर उघड्या ठेवायच्या, क्लोरीन उडून जायला.
मुलांनी वर कागद चिकटवला:
"हे पाणी विश्रांती घेत आहे. हात धुण्यास मोरी आहे."
सव्वीस वर्षं मी इथे आहे.
बादलीला इतका मान कधी मिळाला नव्हता.

आणि रोज सकाळी
नसलेल्या माशांसाठी
चिमूटभर खाणं.
ते कुजायचं. तेच हवं होतं म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी पिशवीतून काढला
सहकारनगरच्या कुठल्याशा शाळेच्या टाकीतला स्पंज,
काळपट, बुळबुळीत, आठवडाभर न धुतलेल्या मोज्याच्या वासाचा.
मुलं दोन बाक मागे सरली.
"दही कशानं लागतं?"
"विरजणानं."
"मग हे ते."

आठ थेंब या बाटलीतले, आठ त्या,
नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं.
हिरवी. वहीत लिहायचं, हिरवी.
परत हिरवी.
मग एका शुक्रवारी नळी पिवळी झाली,
साध्या वरणासारखी पिवळी,
आणि सगळा वर्ग ओरडला, लागलं! लागलं!
शेजारच्या वर्गातून कोणीतरी बघायला आलं, काय लागलं म्हणून.

मासे आले चार. छोटे. आल्याआल्या दगडामागे गेले.

कल्पेशचे वडील उजनीची मासळी विकतात.
त्यानं म्हात्रे पुलाखालून नदीचं पाणी आणलं,
सरबताच्या बाटलीत, बूच घट्ट लावून.
आठ थेंब, आठ थेंब.
पाच मिनिटं लागलीच नाहीत.
कार्डावरच्या शेवटच्या चौकोनाहून गडद हिरवं.
वहीत काय लिहावं कळेना, तेव्हा कोणीतरी लिहिलं,
कार्डाबाहेर.

"मॅडम, नदीला किती विरजण लागेल?"

मॅडमनी खडू उचलला, ठेवला.
"विरजण तिच्याकडे आहे रे, तिचं तिचं.
आपण त्यात रोज काय ओततो, ते बघ."

मग फळ्यावर बाण काढत गेली मुलं:
आमच्या मोरीचं भोक, गल्लीतलं गटार, आंबिल ओढा,
मुठा, संगम, भीमा, उजनी.
शेवटचा बाण कल्पेशनं काढला, उलटा, उजनीहून पुण्याकडे,
आणि टोकाशी वडिलांची पाटी.
खडू तिथेच टेकवून तो जरा वेळ उभा राहिला.

टाकीतलं जुनं पाणी आता मोरीत जात नाही,
मागच्या कढीपत्त्याला जातं.
कढीपत्ता माजलाय.

काल क्लार्कनं विचारलं,
या महिन्याचं फिनाइल अजून कसं संपलं नाही?
मी म्हटलं, हल्ली फरशी कमी घाण होते.

हे खोटं आहे.