गुरुवारच्या आधी

आमच्या तळ्याचं नाव घ्यायचं तर
जीभ टाळूला टेकवायची आणि दोन्ही कडांनी वारा सोडायचा.
पाहुण्यांना जमत नाही. ते 'लिन' म्हणतात, आम्ही ऐकून घेतो.
अर्थ साधाच : काळं तळं.
भोवती अकरा मैलांची वाट, सात फाटकं,
आणि मला एकसष्टावं लागलेलं.

गुरुवारी गुडघा उघडणार आहेत.
बँगोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
सायकल? सपाट रस्त्यावर. पुढच्या वर्षी. बघू.
या 'बघू'चा अर्थ
शाळेची बस चालवताना तीस वर्षं
मीच पोरांना सांगत आले.

म्हणून आज, मंगळवारी, भुरभुर असतानाही.
शेजारचा गेथिन बरोबर आहे, वय चौदा.
त्याच्या आईने पाठवलाय माझ्यावर लक्ष ठेवायला.
त्याला वाटतं, मला ठाऊक नाही.

पहिला चढ लार्चच्या जंगलातून असायचा.
झाडांना रोग आला, सरकारने डोंगर भादरला;
बुंधे उरलेत, त्यांच्यावर निळ्या रंगाचे आकडे.
सगळ्यात हलक्या गिअरवर
मी चालत्या माणसापेक्षाही हळू चढते.
पुढचं चाक दगड हुंगतं, थबकतं, मग ओलांडतं.
चढावर पाय टेकला की संपलं.
हे गुडघ्याला कोण सांगणार? तो आपला
गंजक्या बिजागरीसारखा
दर फेरीला काहीतरी बोलून घेतो.

गेथिन फाटकापाशी थांबलेला असतो,
प्रत्येक फाटकापाशी, हातात मोबाईल,
म्हणजे वाट पाहत होता असं दिसू नये.

मग उतार.
फुटक्या पाटीच्या दगडांवरून, खडखडाट दातांपर्यंत,
ब्रेकवर दोन बोटं, नजर वळणाच्या पलीकडे.
वीस वर्षं हा उतार मी पायांनीच ओळखते :
मुळं, मुळं, ओढा, डावा खांदा सांभाळ, पूल.
तळं उजवीकडे आहे, एवढं माहीत आहे.
पाहिलेलं नाही.
पाहिलं असतं तर हे दात राहिले नसते.

तिथेच, पुलाच्या अलीकडे, साखळी तुटली.

मी दिलेल्या शिव्यांतली एक गेथिनला नवी होती,
ती त्याने जपून ठेवली. म्हणाला, दे इकडे.
त्याच्याजवळ अवजार होतं
आणि व्हिडिओ बघून आलेलं ज्ञान.
बोटं काळी, जिभेचं टोक बाहेर.
पिन गवतात पडली.
दोघं गुडघ्यांवर बसून शोधू लागलो,
म्हणजे तो गुडघ्यांवर, मी पोटावर.

पोटावरूनच मान वर केली
तर झाडांच्या फटीतून पलीकडचा काठ.
उतारावर एक पांढरं घर, काडेपेटीएवढं.
बाकी नुसता डोंगर, आणि पाण्यात पुन्हा तोच डोंगर.
कोण राहत असेल तिथे, इतकं एकटं?
धुराड्यातून धूर नाही,
दोरीवरचे कपडे पावसात भिजताहेत,
आणि स्वयंपाकघरात भरदिवसा दिवा.

"तुझा लाईट राहिलाय," गेथिन म्हणाला.

मी काही बोलले नाही.
थर्मासच्या झाकणात चहा ओतला, आधी त्याला.
मनुकांच्या पावाचा जाड काप दिला,
त्यावर ग्रीसच्या अंगठ्याचा ठसा उमटला, तसाच खाल्ला त्याने.
वीज महाग झालीय. तरीही उठवेना.
तो दिवा इथून
दिसायला बरा होता.

साखळी लागली, एक कडी कमी.
"मोठ्या चढाला कुरकुरेल," तो म्हणाला.
म्हटलं, मग दोघी कुरकुरू.

पुढे निघालो तेव्हा कोण जाणे कसा
तो मागे राहिला. बुटाची नाडी म्हणे.
सहाव्या फाटकाशी मी आधी पोचले,
चिखलात पाय रोवून उभी राहिले.
झाडांतून त्याच्या ब्रेकची किंचाळी आली.
तो वळणावर दिसला तेव्हा
मी खिशात काहीतरी शोधत होते.